उपचारात निष्काळजीपणा झाल्याचा संशय आल्यास काय करावे, आणि वकील कधी गाठावा

घरातला माणूस चालत रुग्णालयात गेला आणि परत आलाच नाही, किंवा आला तो कायमचे अपंगत्व घेऊन आला, की घरात सर्वांत आधी ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न उभा राहतो. तो स्वाभाविक आहे. मात्र कायद्याच्या वाटेवर त्याआधी ‘नेमके काय घडले?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि ते रुग्णालयाच्या कागदांत दडलेले असते. अशा काही कुटुंबांना कागदपत्रे लावून देण्याचे काम मी केले आहे आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट जाणवली आहे. बरीच प्रकरणे ग्राहक आयोगापुढे (ग्राहकांच्या तक्रारी ऐकून भरपाई ठरवणाऱ्या यंत्रणेपुढे) जाण्याआधी, पहिल्या पंधरा दिवसांतच दुबळी झालेली असतात, कारण त्या दिवसांत कागद मागितलेले नसतात, तारखा टिपलेल्या नसतात आणि रागाच्या भरात नको ते लिहून किंवा बोलून झालेले असते. म्हणून हा लेख त्या पहिल्या दिवसांपासून सुरू होतो. येथे दिलेले नियम भारतातील आहेत आणि जेथे राज्याचा संबंध येतो तेथे महाराष्ट्रातील आहेत.

कायदा कशाला निष्काळजीपणा म्हणतो

उपचाराचा परिणाम वाईट झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, ही गोष्ट दुःखात असलेल्या माणसाला पटणे अवघड असते, पण ती आधीच समजून घेणे त्याच्याच हिताचे आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: रुग्णाची काळजी घेण्याची जबाबदारी त्या डॉक्टरांवर किंवा रुग्णालयावर होती, ती जबाबदारी पार पाडण्यात त्यांनी कसूर केली आणि त्या कसुरीमुळेच रुग्णाला इजा झाली. कसूर मोजताना त्या विषयातील सर्वांत निष्णात डॉक्टरांचा मापदंड लावला जात नाही. त्याच विषयातील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरांनी त्या परिस्थितीत काय केले असते, हे पाहिले जाते. १९५७ मधील एका इंग्लिश खटल्यातून आलेली ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ या निकालात विस्ताराने मांडली आणि आजही बहुतेक प्रकरणे तिच्यावरच तोलली जातात.

त्याआधीचा एक निकाल महाराष्ट्रातला आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर १९५३ च्या मे महिन्यात एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीने पुण्याला आणण्यात आले. तेथे भूल न देता, माणसांच्या जोराने पाय ओढून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच रात्री तो तरुण दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांना जबाबदार धरताना डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर काळजी घेतली गेली पाहिजे. स्वतःच्या प्रकरणाचा विचार करताना कसूर यांपैकी कोणत्या टप्प्यावर झाली असे वाटते, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर अजून माहिती गोळा करायची आहे असे समजावे.

गुंतागुंत आणि निष्काळजीपणा यांतील फरक एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. शस्त्रक्रियेनंतर जखमेत जंतुसंसर्ग होणे ही चांगल्यात चांगल्या रुग्णालयातही होऊ शकणारी गुंतागुंत आहे. परंतु तापाच्या तक्त्यावर सलग तीन दिवस १०२ अंशांची नोंद आहे, जखमेतून पू येत असल्याचे परिचारिकेने लिहिले आहे आणि तरीही त्या तीन दिवसांत ना जखम उघडून पाहिली गेली, ना रक्ततपासणी झाली, असे कागदांवरून दिसत असेल, तर प्रश्न संसर्गाचा राहत नाही, तो दुर्लक्षाचा होतो. त्याचप्रमाणे एका आजारावर दोन मान्य उपचारपद्धती असताना डॉक्टरांनी दुसरी निवडली, किंवा सर्व आवश्यक तपासण्या करूनही निदान चुकले, तर ती कायद्याच्या दृष्टीने कसूर ठरेलच असे नाही.

काही वेळा मात्र घटना स्वतःच बोलते. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका महिलेच्या पोटात कापड राहून गेले, पुन्हा पोट उघडावे लागले आणि ती वाचली नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरले. अशा प्रकरणात कापड आत कसे राहिले, हे सांगण्याची वेळ रुग्णालयावर येते.

संमतीचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि अनेकांच्या तो लक्षातच येत नाही. २००८ च्या एका निकालातील महिलेने केवळ दुर्बिणीद्वारे तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. रुग्ण सज्ञान आहे, काही वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, अशा स्थितीत नातेवाइकाची संमती पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. म्हणजे शस्त्रक्रिया कौशल्याने झालेली असली, तरी संमती नसल्यास तक्रारीला जागा असते.

पहिली पायरी: कागद मिळवणे

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत त्यांच्या प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी तोंडी करू नये. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख लिहून साधा अर्ज करावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का, तारीख आणि वेळ घ्यावी आणि शिक्का देण्यास नकार मिळाला, तर तोच अर्ज त्याच दिवशी पोचपावतीसह टपालाने आणि ईमेलने पाठवावा. प्रती काढण्याचा खर्च देण्याची तयारी अर्जातच नमूद करावी, म्हणजे तेवढ्या कारणाने विलंब होत नाही.

बहुतेक कुटुंबांकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आणि बिले असतात आणि तेवढ्यावर प्रकरण उभे राहत नाही. अर्जात संपूर्ण केसपेपर मागावा आणि त्यात काय काय हवे, हे नावानिशी लिहावे: दाखल करतानाची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, नाडी-ताप-रक्तदाबाचा तक्ता, औषधांचा तक्ता, संमतीपत्रे, भूलतज्ज्ञांची टिपणे, शस्त्रक्रियेचे टिपण, अतिदक्षता विभागाचा तक्ता, रक्त चढवल्याच्या नोंदी, सर्व अहवाल, तसेच एक्स-रे व स्कॅनच्या मूळ फिल्म किंवा सीडी. माझ्या अनुभवात यांपैकी सर्वांत बोलका कागद परिचारिकांच्या नोंदींचा असतो. ‘रात्री १.४० – रुग्ण अस्वस्थ, रक्तदाब ८० वर ५०, डॉक्टरांना फोनवर कळवले’ अशी एक ओळ असते आणि त्यानंतर डॉक्टर येऊन गेल्याची पुढची नोंद थेट सकाळी ६.१५ ची असते. मधले साडेचार तास हेच त्या प्रकरणाचे मर्म असते आणि ते डिस्चार्ज कार्डावर कधीही दिसत नाही.

मिळालेली प्रत घरी आणताच पाने मोजून प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि संपूर्ण संचाचे फोटो काढून ठेवावेत. खाडाखोड, वेगळ्या शाईतील ओळी, मागाहून कोंबलेली वाक्ये दिसली तर त्यांना हात न लावता त्यांचे पृष्ठक्रमांक टिपावेत. सरकारी रुग्णालय असेल, तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. कागद देण्यास नकार मिळाला किंवा नोंदीच ठेवलेल्या नसल्या, तर तीही सेवेतील त्रुटी म्हणून तक्रारीत मांडता येते.

पैशाच्या पावत्यांची वेगळी फाईल करावी. रोख रक्कम देऊन पावती घेतलेली नसेल, तर उपचारासाठी किती मोबदला दिला हे दाखवणे अवघड जाते आणि पुढे आपण पाहू त्याप्रमाणे त्या आकड्यावर बरेच काही अवलंबून असते.

मृत्यू झाला असेल तर

हा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो, म्हणून तो स्पष्टपणे लिहितो. मृत्यूच्या कारणाबद्दल खरोखर संशय असेल, तर अंत्यसंस्कारापूर्वी पोलिसांना लेखी कळवून शासकीय रुग्णालयात शवविच्छेदन करण्याची मागणी करावी. त्या क्षणी घरातील वडीलधारी माणसे ‘आता देहाची विटंबना नको’ म्हणतात, आणि त्यांच्या भावनेचा मी मनापासून आदर करतो; पण शवविच्छेदन झाले नाही, तर मृत्यूचे नेमके कारण पुढे वादाचा विषय बनते आणि तो वाद तक्रारदाराला महागात पडतो. निर्णय कोणताही घ्यावा, मात्र त्याचे परिणाम ठाऊक असताना घ्यावा.

याच काळात आवाज चढतात आणि हात उचलले जातात. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसा रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार हा गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसान झालेल्या मालमत्तेच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. समाजमाध्यमांवर डॉक्टरांचे नाव घेऊन ‘खुनी’ वगैरे लिहिणेही टाळावे, कारण मग मूळ प्रकरण बाजूला राहून कुटुंबच बदनामीच्या दाव्यात अडकते.

दुसरी पायरी: तारीखवार टिपण

कागद मिळाले की रुग्णाबरोबर राहिलेल्या प्रत्येकाने आपल्या आठवणी स्वतंत्रपणे लिहून काढाव्यात आणि नंतर सर्वांचे मिळून तारीख व वेळ यांनुसार एकच टिपण करावे. प्रत्येक घटनेपुढे तिचा आधार लिहावा: केसपेपरचे पान, पावती, फोनची नोंद, की केवळ आठवण. चार ते पाच पानांचे असे टिपण तयार असेल, तर पुढे भेटणारे डॉक्टर आणि वकील दोघेही अर्ध्या तासात मुद्द्यावर येतात. त्यात विशेषणे नसावीत आणि रुग्णाचे जुने आजार, चुकवलेल्या औषधांच्या मात्रा, उशिरा केलेली भरती या आपल्याला अडचणीच्या गोष्टीही लपवू नयेत. त्या समोरच्या बाजूला ठाऊक असतातच.

तिसरी पायरी: त्रयस्थ डॉक्टरांचे मत

त्याच विषयातील, परंतु त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना कागद दाखवावेत. शक्य असल्यास दुसऱ्या शहरातील डॉक्टर पाहावेत, कारण एकाच गावातील डॉक्टर एकमेकांविरुद्ध लेखी मत द्यायला सहसा तयार होत नाहीत. त्यांना ‘चूक झाली का?’ असे विचारण्यापेक्षा ‘या क्षणी तुम्ही काय केले असते, आणि ते केले असते तर परिणाम बदलला असता का?’ असे विचारावे. प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण कसूर सापडूनही तिच्यामुळे इजा झाली हे जोडता न आल्याने तक्रारी फेटाळल्या जातात. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञांचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. चूक उघड दिसत असेल तर आयोग त्याशिवायही निर्णय देऊ शकतो. तरीही गुंतागुंतीच्या प्रकरणात लेखी मताशिवाय पुढे जाणे मला धोक्याचे वाटते. आणि त्रयस्थ डॉक्टरांनी ‘येथे कसूर दिसत नाही’ असे सांगितले, तर तेही शांतपणे ऐकावे.

दाद कोठे मागता येते

नुकसानभरपाई हवी असेल तर सर्वांत वापरात असलेला मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने मोबदला घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत आले. पैसे विमा कंपनीने भरले असले, तरी रुग्ण ग्राहकच असतो. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या आणि काहींवर मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयातील मोफत रुग्णालाही तक्रार करता येते. जेथे सर्वांवर मोफत उपचार होतात अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र हा मार्ग बंद असतो, केवळ नाममात्र नोंदणी शुल्क भरल्याने तो उघडत नाही. तेथे दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. रुग्ण मृत झाल्यास कायदेशीर वारस आणि रुग्ण अल्पवयीन असल्यास पालक तक्रारदार होऊ शकतात.

मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. सबळ कारण असेल तर आयोग विलंब माफ करू शकतो, पण त्या आशेवर राहू नये. रुग्णालयाशी पत्रव्यवहार किंवा तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. या एका गैरसमजामुळे चांगली प्रकरणे हातची गेली आहेत.

कोणत्या आयोगाकडे जायचे हे २०१९ च्या कायद्यानुसार, मागितलेल्या भरपाईवर नाही, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, ५० लाखांपेक्षा अधिक आणि २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. त्यामुळे बहुतेक वैद्यकीय तक्रारी, भरपाई एक कोटीची मागितली तरी, जिल्हा आयोगातच दाखल होतात आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुंबईत उपचार घेतलेल्या जळगावच्या रुग्णाला प्रत्येक तारखेला मुंबई गाठण्याची गरज राहत नाही.

डॉक्टरांवर व्यावसायिक कारवाई व्हावी अशी इच्छा असेल, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा स्वतंत्र आहेत. परिषद ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी नोंदणी रद्द करू शकते. भरपाई देऊ शकत नाही. ही तक्रार आणि आयोगातील तक्रार एकाच वेळी चालू शकतात.

पोलिसांकडे जाण्याचा मार्ग अरुंद आहे आणि तो अरुंदच असावा असे माझे मत आहे. मृत्यूच्या प्रकरणात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. परंतु फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ठळक आणि गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, त्याआधी त्रयस्थ, शक्यतो शासकीय डॉक्टरांचे मत घ्यावे लागते आणि डॉक्टरांना सरसकट अटक करता येत नाही, हे ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने ठरवून दिले आहे.

वकील कधी गाठावा

बिलात जादा आकारणी, कर्मचाऱ्यांची वागणूक, कागद देण्यातील दिरंगाई अशा तक्रारींसाठी वकील आवश्यक नाही. ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मात्र मृत्यू, कायमचे अपंगत्व किंवा जन्मावेळी बाळाच्या मेंदूला झालेली इजा असेल, तर कागदांचा अर्ज दिल्यानंतर लगेच वकिलांना भेटावे. पुढील चार प्रसंगी तर दिवस घालवू नये: रुग्णालय काही रक्कम देऊ करून ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागत असेल, नोंदी बदलल्याचा संशय असेल, पोलिसांत कोणाही बाजूने तक्रार झालेली असेल, किंवा दोन वर्षांपैकी दीड वर्ष उलटून गेले असेल.

वकील निवडताना त्यांनी वैद्यकीय प्रकरणे चालवली आहेत का, केसपेपर कोण वाचणार, तज्ज्ञ डॉक्टरांची मदत कशी घेणार आणि तारखांना स्वतः हजर राहणार का, हे सरळ विचारावे. चांगले वकील पहिल्या भेटीत जिंकण्याची हमी देत नाहीत. ते कागद ठेवून घेतात आणि आठवड्याभराने प्रकरणातील उणिवा सांगतात. मिळणाऱ्या भरपाईतील टक्केवारी शुल्क म्हणून ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांनुसार निषिद्ध आहे, तेव्हा तसा प्रस्ताव आल्यास तेथून उठावे. शुल्क टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरवावे. वकिलांच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले आहे, म्हणून ही निवड घाईने करू नये. मूळ कागद नेहमी आपल्याकडे ठेवावेत.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि मर्यादित उत्पन्नाचे नागरिक यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो; महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते.

तक्रार दाखल झाल्यावर

आधी कायदेशीर नोटीस पाठवण्याची प्रथा आहे, पण कायद्याने ती सक्तीची नाही. उत्तर बहुधा विमा कंपनीच्या वकिलांकडून येते, कारण डॉक्टरांनी व्यावसायिक जबाबदारीचा विमा उतरवलेला असतो. उत्तराची भाषा कठोर असते; तिने खचून जाऊ नये. भरपाईची रक्कम ठरवताना पगाराच्या पावत्या, प्राप्तिकर विवरणपत्रे, पुढील उपचारांचे अंदाजपत्रक, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि शुश्रूषेचा खर्च यांवर बोट ठेवता येईल एवढीच रक्कम मागावी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सुमारे सहा कोटी रुपये मंजूर केले, तो आकडा अनेकांच्या तोंडी असतो. पण तो मृत्यू १९९८ मधला होता आणि मधली पंधरा वर्षे त्या कुटुंबाने लढण्यात घालवली होती.

समोरच्या बाजूला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. गंभीर इजा किंवा मृत्यूचे वैद्यकीय प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले जात नाही. तक्रार तीन ते पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात काही वर्षे लागू शकतात, म्हणून तारखांची वही ठेवावी आणि प्रत्येक तारखेला काय झाले, हे त्याच संध्याकाळी लिहावे. जिल्हा आयोगाचा निकाल विरोधात गेल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करावे लागते. निकाल बाजूने लागला आणि रुग्णालयाने अपील केले, तर त्यासाठी त्यांना आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील न करताही पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा देण्याचा अधिकार आयोगाला आहे.